दुखापतींनी ग्रासलेला गुणी बास्केटबॉलपटू फँटसी लीगसाठी कसा जोखावा

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर आधारित हंगामी फँटसी लीगचे ड्राफ्ट, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याचे कार्यक्रम, ऑक्टोबरच्या मध्याला होतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मित्रमंडळींच्या लीगमध्ये त्या रात्री एकच चूक दोन बाजूंनी केली जाते. एखादा जण जोएल एम्बीडचे नाव यादीत खाली घसरलेले पाहतो, एवढा मोठा खेळाडू इथे मिळतो आहे म्हणून हरखून जातो आणि पुढे कित्येक आठवडे त्याची रिकामी जागा सांभाळत बसतो. दुसरा जण ‘तो काय, कायमचाच जायबंदी’ एवढ्या एका वाक्यावर अँथनी डेव्हिसला सोडून देतो, आणि २०२३-२४ मध्ये झाले तसे डेव्हिस ८२ पैकी ७६ सामने खेळून जातो. दोघांनीही खेळाडू जोखलेला नसतो. एकाने नाव पाहिलेले असते आणि दुसऱ्याने ख्याती.

याचे एक कारण सवयीत आहे. आपल्याकडे बहुतेकांचा फँटसीचा हात क्रिकेटवर बसलेला आहे. नाणेफेक झाली, अकरा जणांची नावे कळली, की त्या एका सामन्यापुरता संघ लावायचा. खेळाडू जखमी आहे की नाही हा प्रश्न तिथे नाणेफेकीलाच मिटतो. हंगामी बास्केटबॉल लीगमध्ये मात्र घेतलेला खेळाडू ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत सांभाळायचा असतो, त्यामुळे तो किती चांगला आहे याबरोबरच तो किती सामने चुकवील, कोणते चुकवील आणि ते चुकवल्याची खबर आपल्याला किती आधी लागेल, हे तीन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. पुढील टप्पे याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याला मागच्या टप्प्यातील आकडा लागतो.

## तयारी

ड्राफ्टच्या आधी किमान आठवडाभर हे काम हाती घ्यावे. एक कोरे कोष्टक पुरते, मग ते वहीत असो वा संगणकावर. त्यात खेळाडूचे नाव, गेल्या तीन हंगामांतील सामने, दुखापतीचा अवयव, गैरहजेरीचा प्रकार, संघाची स्थिती आणि शेवटी अंदाजी सामने असे रकाने आखावेत. प्रत्येक सामन्याची नोंद बास्केटबॉल-रेफरन्ससारख्या संकेतस्थळावर फुकट मिळते, तर संघांचे वेळापत्रक आणि अधिकृत दुखापत-अहवाल एनबीएच्याच संकेतस्थळावर असतो.

सगळ्या खेळाडूंसाठी ही मेहनत करण्याचे कारण नाही. गेल्या तीन हंगामांपैकी किमान दोन हंगामांत जे साठपेक्षा कमी सामने खेळले आहेत आणि ज्यांना पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत घेण्याचा विचार आहे, एवढेच खेळाडू कोष्टकात घ्यावेत. ही यादी सहसा दहा-बारा नावांच्या पुढे जात नाही.

इशारा : हा सर्व लेख फुकट लीगसाठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. फँटसी खेळ त्यात येतात आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हा बचाव त्या कायद्यापुढे चालत नाही. कायदा केंद्राचा असल्यामुळे लीग कर्नाटकातल्या खानापुरात भरते की महाराष्ट्रातल्या चंदगडमध्ये, याने काहीही फरक पडत नाही.

## टप्पा १ : आधी लीगचे नियम, मग खेळाडू

सर्वांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. एकाच खेळाडूची किंमत दोन लीगमध्ये दोन फेऱ्यांनी वेगळी असू शकते आणि ती केवळ नियमांमुळे वेगळी असते.

पहिली गोष्ट म्हणजे लीगचा प्रकार. रोटो पद्धतीच्या, म्हणजे हंगामभराच्या एकूण आकडेवारीवर निकाल लागणाऱ्या, अनेक लीगमध्ये प्रत्येक जागेला हंगामभरात ८२ सामन्यांची कमाल मर्यादा असते. तुमचा तारा बाहेर बसला की त्याच्या जागी दुसऱ्याचे सामने वापरता येतात आणि शेवटी ८२ चा आकडा भरतोच. म्हणून जायबंदी होणारा गुणी खेळाडू सर्वांत जास्त मोलाचा ठरतो तो रोटोमध्ये. हेड-टू-हेड लीगमध्ये प्रत्येक आठवडा एका प्रतिस्पर्ध्याशी स्वतंत्र लढाई असते आणि त्या आठवड्यातील रिकामी जागा पुढे कधीच भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आयएल, म्हणजे जखमी खेळाडूंना ठेवण्याच्या राखीव जागा. एकही आयएल नसेल तर बाहेर बसलेला खेळाडू तुमच्या बेंचवरची जागा खातो, तीन असतील तर तो जवळजवळ फुकट सांभाळता येतो. शिवाय त्या जागेत केवळ ‘आउट’ घोषित झालेला खेळाडू चालतो की ‘आज खेळेल की नाही’ अशा स्थितीतलाही चालतो, हे पाहावे. याहूच्या संकेतस्थळावरील लीगमध्ये आयएल आणि आयएल-प्लस असे दोन वेगळे प्रकार असतात ते याचसाठी.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच निर्णायक : संघ रोज बदलता येतो की सोमवारी एकदा लावला की आठवडाभर कायम? पहाटे उठण्याचा त्रास नको म्हणून आपल्याकडच्या अनेक लीग आठवड्याचा पर्याय निवडतात. तो सोयीचा आहेच, पण त्यात आठवड्यातून एखादा सामना चुकवणाऱ्या खेळाडूचे नुकसान पूर्ण तुमच्या माथी बसते.

यानंतर आठवड्याला किती खेळाडू बदलता येतात आणि लीगचे बाद फेरीचे आठवडे कोणते, एवढे कोष्टकाच्या वर लिहून ठेवावे. बाद फेरी बहुधा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत असते.

तपासणी : आयएलच्या जागा किती, संघ रोज की आठवड्याला, बाद फेरी कोणत्या तारखेपासून, या तीन प्रश्नांची उत्तरे न पाहता सांगता येत नसतील तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : सामन्यांची खरी नोंद काढणे

गेल्या तीन हंगामांतील सामन्यांचे आकडे लिहावेत. येथील उदाहरणे २०२४-२५ पर्यंतची आहेत; तुमच्या कोष्टकात त्यापुढचा हंगाम जोडावा.

एम्बीड २०२२-२३ मध्ये ६६, २०२३-२४ मध्ये ३९ आणि २०२४-२५ मध्ये १९ सामने खेळला. सरळ सरासरी ४१ येते, पण ती फसवी आहे, कारण आकडे एकाच दिशेने घसरत आहेत. म्हणून सर्वांत ताज्या हंगामाला तीन, मधल्याला दोन आणि जुन्याला एक असे वजन द्यावे. मग अंदाज ३३ ते ३४ वर येतो. डेव्हिसचे त्याच तीन हंगामांतील आकडे ५६, ७६ आणि ५१ आहेत, आणि त्याचा वजनदार अंदाज ६० निघतो. लोक ज्या दोघांना एकाच वाक्यात ‘जायबंदी’ म्हणून मोकळे होतात, त्यांच्यात अशी पंचवीसएक सामन्यांची तफावत असते.

जुन्या हंगामांकडे पाहताना एक पथ्य पाळावे. २०२०-२१ चा हंगाम ७२ सामन्यांचा होता आणि २०११-१२ चा ६६ सामन्यांचा, त्यामुळे तेथील आकडे टक्केवारीत बदलूनच तुलना करावी. एम्बीडचे २०२०-२१ मधील ५१ सामने म्हणजे ७१ टक्के, म्हणजेच ८२ च्या हिशेबाने ५८.

आता प्रत्येक सामन्याची नोंद उघडून चुकलेले सामने दोन गटांत वाटावेत. सलग दहा किंवा अधिक सामने बाहेर असेल तर ती लांब गैरहजेरी. एक-दोन सामने इकडे, एक तिकडे, अशी असेल तर ती विखुरलेली गैरहजेरी. हे वाटप करायला वेळ लागतो आणि म्हणूनच कोणी करत नाही, पण पाचव्या टप्प्यातील सगळा हिशेब याच वाटपावर उभा आहे.

इशारा : चुकलेला प्रत्येक सामना दुखापतीचा नसतो. वैयक्तिक कारण, निलंबन, आजारपण किंवा हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात संघाने दिलेली विश्रांती वेगळी लिहावी, अन्यथा धडधाकट खेळाडूही कोष्टकात रोगट दिसतो.

## टप्पा ३ : दुखापतीची जात ओळखणे

आकडा सांगतो की खेळाडू किती सामने बाहेर होता; तो पुन्हा बाहेर बसेल का, हे दुखापतीची जात सांगते. दोन खेळाडूंनी प्रत्येकी चाळीस सामने चुकवले असले तरी एकाचे हात मोडल्यामुळे आणि दुसऱ्याचे गुडघा सुजत राहिल्यामुळे चुकलेले असतील, तर त्यांना एका तागडीत घालता येत नाही.

अपघाती मोडतोड ही सर्वांत कमी काळजीची. हाताचे, बोटाचे, नाकाचे हाड मोडते, ठरलेल्या काळात जुळते आणि बहुधा मागे काही ठेवत नाही. स्टीफन करीने २०१९-२० च्या अगदी आरंभी डावा हात मोडून घेतला आणि त्या हंगामात तो केवळ पाच सामने खेळला. पुढच्याच ७२ सामन्यांच्या हंगामात त्याने ६३ सामने खेळून सरासरी ३२ गुणांसह लीगमध्ये सर्वाधिक गुणसरासरी राखली. नुसता सामन्यांचा आकडा पाहून त्या वर्षी ज्यांनी त्याला खाली ढकलले त्यांनी हाडाला स्नायू समजण्याची चूक केली.

स्नायूंच्या दुखापती याच्या नेमक्या उलट असतात. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, पोटरी, जांघ हे स्नायू एकदा ताणले गेले की त्याच हंगामात पुन्हा ताणले जाण्याचा धोका राहतो, आणि संघ म्हणतो त्यापेक्षा गैरहजेरी बहुधा लांबते. पोटरीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. केव्हिन ड्युरँट २०१९ मध्ये पोटरीच्या ताणातून परतला आणि अंतिम मालिकेत त्याचा अकिलीस, म्हणजे टाचेवरचा जाड स्नायुबंध, तुटला. टायरीस हॅलिबर्टनच्या बाबतीतही २०२५ च्या अंतिम मालिकेत पोटरीच्या तक्रारीनंतर तेच घडले. दोन उदाहरणांवरून वैद्यकीय नियम काढू नये, पण पोटरी दुखत असलेला खेळाडू अहवालात दिसला तर तो ‘किरकोळ’ या रकान्यात लिहू नये.

गुडघ्याच्या बाबतीत शब्द नीट वाचावे लागतात. एसीएल हे लिगामेंट तुटले तर साधारण नऊ ते बारा महिने जातात. कवाय लेनर्डला जून २०२१ मध्ये ही दुखापत झाली, २०२१-२२ चा पूर्ण हंगाम गेला आणि परतल्यावर पहिल्या हंगामात तो ५२ सामने खेळला. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातील कूर्चेची गादी, फाटली तर शस्त्रक्रियेचा प्रकार विचारावा. फाटलेला तुकडा छाटला असेल तर खेळाडू काही आठवड्यांत परततो, शिवला असेल तर काही महिने लागतात. पण छाटलेल्या गुडघ्यात गादी कमी झालेली असते, त्यामुळे लवकर परतणे हे नेहमी शुभलक्षण नसते. लोंझो बॉलचे उदाहरण या बाबतीत सर्वांत कडवट आहे : जानेवारी २०२२ मध्ये मेनिस्कसची दुखापत, त्यानंतर पुढचे दोन पूर्ण हंगाम बाहेर, आणि २०२४-२५ मध्ये परतल्यावर ३५ सामने.

पायाच्या पंजातील ताणाचे फ्रॅक्चर उंच व वजनदार खेळाडूंमध्ये गंभीर धरावे. एम्बीडचे पहिले दोन हंगाम अशाच हाडापायी पूर्ण वाया गेले होते. तरीही पंजाची प्रत्येक दुखापत तशी नसते. चेट होमग्रेनने पंजाच्या दुखापतीमुळे २०२२-२३ चा पूर्ण हंगाम गमावला आणि २०२३-२४ मध्ये तो ८२ पैकी ८२ सामने खेळला. पाठीच्या बाबतीतही असाच फरक दिसतो. मायकल पोर्टर ज्युनियर २०२१-२२ मध्ये नऊ सामने खेळून पाठीच्या शस्त्रक्रियेला गेला, आणि २०२३-२४ मध्ये त्याने ८१ सामने खेळले.

घोट्याबद्दल थोडक्यात : एकदा मुरगळला तर दुर्लक्ष करावे, तोच घोटा वर्षात तीनदा मुरगळला तर करू नये.

यावरून दुसऱ्या टप्प्यातील अंदाज असा दुरुस्त करावा. शेवटची मोठी गैरहजेरी मोडलेल्या हाडामुळे असेल तर अंदाज आठ-दहा सामन्यांनी वर न्यावा. तोच गुडघा, तीच पोटरी किंवा तोच पंजा दुसऱ्यांदा आला असेल तर तेवढाच खाली आणावा. वय तिशीच्या पुढे असेल तर वर नेण्याचा मोह टाळावा. हे आठ-दहा सामने माझ्या ठोकताळ्याचे आहेत, शास्त्राचे नव्हेत.

तपासणी : प्रत्येक नावापुढे ‘कोणता अवयव, कितव्यांदा’ हे दोन शब्दांत लिहिलेले असावे. ‘वारंवार जखमी’ असे लिहिलेले आढळले तर तो रकाना रिकामाच आहे असे समजावे.

## टप्पा ४ : संघाचा आणि लीगचा स्वार्थ पाहणे

खेळाडू किती सामने खेळेल हे त्याच्या शरीराइतकेच त्याच्या संघाच्या हेतूवर ठरते. २०२३-२४ पासून एमव्हीपीसारख्या (हंगामातील सर्वोत्तम खेळाडू) मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आहे, त्यामुळे पुरस्काराच्या शर्यतीत असलेला तारा किरकोळ दुखण्यावर विश्रांती घेताना हात आखडता घेतो. पण याच अटीची दुसरी बाजू अशी की जानेवारीतच अठरावा सामना चुकला आणि पुरस्कार हातचा गेला, की घाईने परतण्याचे एक कारण संपते.

खेळाडूचा संघ एनबीएच्या बाद फेरीच्या शर्यतीबाहेर फेकला गेला असेल तर धोका सर्वांत मोठा. हरल्याने एनबीएच्या पुढच्या ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडूंच्या निवडीत) वरची निवड मिळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे मार्चमध्ये दुखऱ्या ताऱ्याला खेळवण्यात अशा संघाला रस उरत नाही. फिलाडेल्फिया या एम्बीडच्या संघाने फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस त्याचा हंगाम संपल्याचे जाहीर केले, ते नेमके फँटसीच्या बाद फेरीच्या तोंडावर.

आणखी एक गोष्ट संघाच्या वेळापत्रकात पाहावी : सलग दोन रात्रींचे सामने. दुखऱ्या गुडघ्याच्या ताऱ्यांना संघ अशा जोडीतील एकाच सामन्यात खेळवतात. प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात अशा चौदा-पंधरा जोड्या येतात, म्हणजे एवढे सामने दुखापत न होताच वजा करावे लागतात.

## टप्पा ५ : किंमत काढणे

आता पेन हातात घ्यावे. पॉइंट्स लीगमधील, म्हणजे खेळाडूच्या प्रत्येक कामगिरीचे गुण मोजून बेरीज होते अशा लीगमधील, दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. ‘क’ हा गुणी पण दुखरा : सामन्याला ५० गुण, अंदाजी ५५ सामने. ‘ख’ हा साधा पण टिकाऊ : सामन्याला ४२ गुण, ७६ सामने. आणि वेव्हरवर (कोणीही न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) कधीही मिळणारा बदली खेळाडू सामन्याला २४ गुण देतो असे धरू.

नुसता गुणाकार केला तर ‘क’चे २७५० आणि ‘ख’चे ३१९२. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ‘क’ला सोडून देतात.

पण ‘क’ने चुकवलेल्या २७ सामन्यांत त्याच्या जागी बदली खेळाडू खेळू शकतो. सगळे २७ भरून निघाले तर ६४८ गुण मिळून बेरीज ३३९८ होते. ‘ख’चे सहा सामने भरून त्याची बेरीज ३३३६. आता ‘क’ पुढे गेला. थोडे हुशार लोक इथे थांबतात आणि ‘क’ला फार वर उचलतात.

खरा हिशेब याच्या मधे आहे, कारण प्रत्येक चुकलेला सामना भरता येत नाही. लांब गैरहजेरीत खेळाडू आयएलवर जातो आणि बदली निवांत खेळतो. विखुरलेल्या गैरहजेरीत मात्र बातमी येते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र किंवा पहाट असते, म्हणून असे सामने निम्मेच भरून निघतात असे धरावे. ‘क’चे २७ पैकी १५ सामने लांब गैरहजेरीत आणि १२ विखुरलेले असतील तर त्याच्या खात्यात ३६० आणि १४४ गुण वाढून बेरीज ३२५४ होते. ‘ख’चे सहाही विखुरलेले धरले तर ७२ वाढून ३२६४. साडेपाच महिन्यांत फरक दहा गुणांचा, म्हणजे दोघे सारखेच.

आता तेच २७ सामने वेगळे वाटून पाहावेत. सगळे एकाच लांब दुखापतीत गेले तर ‘क’ ३३९८ वर राहून ‘ख’पेक्षा १३४ ने पुढे, सगळे विखुरलेले गेले तर ३०७४ वर येऊन १९० ने मागे. खेळाडू तोच, सामने तेवढेच, तरी किंमत एवढी हलते. दुसऱ्या टप्प्यात गैरहजेरीचे दोन गट करायला सांगितले ते यासाठी. लीगमध्ये आयएल नसेल किंवा संघ आठवड्यातून एकदाच लावता येत असेल, तर ‘निम्मे’ ऐवजी ‘शून्य’ धरून हिशेब पुन्हा करावा.

कॅटेगरी लीगमध्ये, म्हणजे जिथे कामगिरीच्या प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र तुलना होते तिथे, गुणांऐवजी कोणती गोष्ट बदलीत मिळते ते पाहावे. तीन गुणांचे फटके मारणारा खेळाडू वेव्हरवर जवळजवळ नेहमी असतो. ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवणे) आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) देणारा क्वचित असतो. म्हणून ब्लॉकसाठी घेतलेला डेव्हिससारखा खेळाडू बाहेर बसला की पडणारे भगदाड फटकेबाज बाहेर बसल्यापेक्षा मोठे असते, आणि असा खेळाडू घेतलाच तर संघात ब्लॉकचा दुसरा आधार आधीपासून हवा.

तपासणी : प्रत्येक खेळाडूसाठी एकच आकडा न काढता वाईट, मधला आणि चांगला असे तीन अंदाज काढावेत. झायन विल्यमसन २०२२-२३ मध्ये २९, २०२३-२४ मध्ये ७० आणि २०२४-२५ मध्ये ३० सामने खेळला. अशा खेळाडूचा मधला अंदाज हा प्रत्यक्षात कधीच न येणारा आकडा असतो.

## टप्पा ६ : ड्राफ्टची रात्र

कोष्टकातील किंमत आणि तो खेळाडू साधारण कितव्या क्रमांकावर उचलला जातो ती सरासरी, या दोहोंत किमान एका फेरीचा फायदा दिसत असेल तरच हात घालावा. बरोबरीच्या किमतीला दुखरा खेळाडू घेण्यात काही अर्थ नाही, कारण धोका सगळा तुमचा राहतो.

पहिल्या तीन फेऱ्यांत असा एकच खेळाडू घ्यावा. दोन घेतले तर दोघेही एकाच महिन्यात बाहेर बसण्याची शक्यता नजरेआड होते, आणि आयएलच्या जागा नोव्हेंबरातच संपतात.

हेड-टू-हेड लीगमध्ये, आज जखमी असलेला पण डिसेंबरात परतेल अशी बऱ्यापैकी खात्री असलेला खेळाडू, आज धडधाकट असूनही मार्चमध्ये संघ ज्याला बसवून ठेवील अशा खेळाडूपेक्षा मी नेहमी वर ठेवतो. लीगमधील अर्धे संघ बाद फेरीत जात असतील तर आरंभीच्या चार-पाच पराभवांतून सावरता येते. उपांत्य आठवड्यात सावरायला वेळच नसतो. ड्राफ्टच्या रात्री लोक याच्या उलट वागतात, कारण नावापुढचे दुखापतीचे लाल चिन्ह डोळ्यांत भरते आणि मार्च लांब वाटतो.

ताऱ्याचा राखीव खेळाडू शेवटच्या फेरीत घेऊन ठेवावा का? तारा सेंटर असेल आणि त्याची मिनिटे एकाच बदली खेळाडूला मिळत असतील तर घ्यावा. फॉरवर्ड किंवा गार्ड असेल तर मिनिटे तिघा-चौघांत वाटली जातात, तेव्हा ती जागा वाया घालवू नये.

## टप्पा ७ : हंगामातील रोजची राखण

सलग दोन रात्रींच्या जोडीतील दुसरा सामना सोडला, तर एनबीए संघांना दुखापत-अहवाल सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत द्यावा लागतो. पूर्व किनाऱ्यावरील संघांसाठी हिवाळ्यात ती वेळ आपल्याकडे पहाटे साडेतीनची असते, आणि संध्याकाळी सातचा सामना त्यानंतरच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर अहवाल वाचायला पूर्ण दिवस हातात असतो. झोपण्यापूर्वी, रात्री अकराच्या सुमारास, दुसऱ्यांदा पाहावे. डिसेंबरच्या बेळगावी थंडीत पहाटे पाचला उठून तिसऱ्यांदा पाहणे ज्याच्या-त्याच्या हौसेवर सोडतो, पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जिथे नेटवर्कचा भरवसा नाही, तिथे रात्रीचाच निर्णय अंतिम धरलेला बरा.

अहवालातील शब्दांचा अर्थ साधारण असा धरावा. ‘प्रॉबेबल’ असेल तर लावावे. ‘डाउटफुल’ असेल तर काढावे. ‘क्वेश्चनेबल’ हा खरा त्रासाचा शब्द. त्या खेळाडूचा सामना उशिराचा, म्हणजे आपल्याकडे सकाळी आठ-साडेआठचा असेल तर वाट पाहावी, पहाटेचा असेल आणि बदली खात्रीचा असेल तर बदली लावावा.

संघाचे निवेदन ‘दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी’ असे म्हणते तेव्हा दोन आठवड्यांनी खेळाडू परतणार असा अर्थ काढू नये. त्या दिवशी केवळ डॉक्टर पुन्हा पाहणार असतात. परतीला त्यापुढे आणखी किमान आठवडा धरावा, आणि परतल्यावर पहिले चार-पाच सामने त्याच्या मिनिटांवर मर्यादा असेल असेही धरावे. या काळात सामन्याला ५० गुणांचा खेळाडू ३० देतो आणि मॅनेजर घाबरून त्याला स्वस्तात विकतो.

विकण्याची योग्य वेळ उलटी असते. खेळाडू सलग बारा-पंधरा सामने धडाक्याने खेळला, लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे कौतुक सुरू झाले, आणि तुमच्या कोष्टकात त्याच्या नावापुढे ‘तोच गुडघा, दुसऱ्यांदा’ असे लिहिलेले आहे, त्या आठवड्यात ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) प्रस्ताव द्यावा. बदल्यात दोन मध्यम खेळाडू न मागता एक टिकाऊ आणि थोडाच कमी गुणांचा खेळाडू मागावा. दोन मध्यम खेळाडू तर वेव्हरवरही मिळतात.

इशारा : आयएलवरील खेळाडू बरा घोषित झाला की अनेक लीगमध्ये, त्याला मूळ संघात आणेपर्यंत नवा खेळाडू घेता येत नाही. कोणाला सोडायचे हे आधी ठरवून ठेवावे, अन्यथा शेवटच्या क्षणी घाईत चांगलाच माणूस सुटतो.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात. एसएसएलसी आणि पीयूसीच्या (कर्नाटकातील दहावी-बारावीच्या) परीक्षांमुळे ज्या घरात विद्यार्थी आहे तिथे रोज अहवाल पाहणे जमत नाही; अशा मॅनेजरने फेब्रुवारीतच विखुरलेल्या गैरहजेरीचे खेळाडू बदलून टाकावेत. दुसरे म्हणजे अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, त्यामुळे साडेपाचचा सामना आपल्याकडे साडेचारला सुरू होतो आणि संघ लावण्याची मुदतही तासाने आधी संपते. हा बदल फँटसीच्या बाद फेरीच्या तोंडावर येतो, म्हणून मोबाइलमधील गजर त्याच रविवारी रात्री बदलून घ्यावा.